छाटणीच्या दिवसांत उडालेली झोप : तासगाव तालुक्यातलं एक बायपोलर प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घराचं आहे. आजार बायपोलर, म्हणजे मन काही काळ फार चढतं आणि काही काळ फार खचतं असा. ओळख पटू नये म्हणून नाती, वयं आणि काही तपशील बदलले आहेत; दोन-तीन गोष्टी अशाच दुसऱ्या घरांतून इथं आणल्या आहेत. आजाराचा क्रम, औषधांचा परिणाम आणि घरातली ओढाताण मात्र जशी होते तशीच ठेवली आहे. रुग्णाचं वय ३५. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून इथंही दादाच. मी सांगली-मिरज भागात मानसोपचार विभागात समाजकार्याचं काम करते. तपासणं आणि औषध ठरवणं मानसोपचारतज्ज्ञांचं, घराशी बोलणं माझं. त्यामुळे हे लिखाणही घराच्या बाजूनंच जास्त झालं आहे.

पहिली भेट, रुग्णाशिवाय

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादाची बायको आणि धाकटा भाऊ असे दोघंच आले. दादा यायला तयार नव्हता. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मॅडम, दादा रात्रीचा दोन तास झोपतोय, कधी तेवढंबी न्हाई. आन् दमत न्हाई."

निदानाचा निम्मा रस्ता या बोलण्यातच पार झाला होता. कर्जाच्या किंवा बागेच्या काळजीनं झोप उडालेला माणूस सकाळी गळून गेलेला असतो. डोळे चुरचुरतात, अंग जड होतं, कुठंतरी आडवं व्हावंसं वाटतं. मॅनियात, म्हणजे या आजारातल्या मन चढण्याच्या टप्प्यात, झोपेची गरजच कमी होते. दोन तास झोपून माणूस ताजातवाना उठतो आणि बाकीचं जग अंथरुणात वेळ घालवतंय असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून घरच्यांना "झोप लागते का" एवढंच विचारून भागत नाही. "कमी झोपून थकवा येतो का" हेही विचारावं लागतं.

सुरुवात गणपतीच्या आसपास झाली होती. उन्हाळाभर आणि पावसाळ्यातही दादा खोलीत पडून होता. बागेकडे फिरकत नव्हता, दाढी वाढलेली, जेवण अर्ध्यावर. तोच दादा आता पहाटे तीनला ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणीला जायला लागला, तेव्हा सगळ्या घराला हायसं वाटलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, पारावर सांगितलं की पोरगं रुळावर आलं. फळछाटणीचे दिवस, मजुरांची मारामार. छाटणी, काड्यांना पेस्ट लावणं, फेल (नको असलेल्या फुटी) काढणं या सगळ्यात तो सगळ्यांच्या पुढं. पहिले आठ-दहा दिवस कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि त्यात घरच्यांचा काडीचाही दोष नाही. चार महिने आजारी असलेला माणूस उठून कामाला लागला, तर त्याच्याकडे संशयानं कोण बघेल?

मग बोलणं वाढलं. बागेवरून बेदाण्यावर, बेदाण्यावरून निर्यातीवर, तिथून थेट आमदारकीवर. मधे कुणी बोलू लागलं तर आवाज चढायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दोन ते चारच्या दरम्यान वीस-वीस स्टेटस. गावात कोल्ड स्टोरेज काढणार, शंभर पोरांना काम देणार. एका कंपनीच्या गाडीसाठी आगाऊ रक्कम भरली. नव्या बागेसाठी लोखंडी अँगल आणि तारांची ऑर्डर दिली, डॉगरिजची (द्राक्षाचं कलम ज्यावर करतात त्या खुंटाची) रोपं सांगून ठेवली आणि ती लावायला जमीन हवी म्हणून भावकीतल्या एकाच्या दीड एकराला तीन लाखांचा इसार दिला. यातले दोन लाख सोसायटीच्या पीककर्जाचे होते. मंडळातल्या एका पोराला स्वतःचा नवा मोबाईल देऊन टाकला. औदुंबरला जाऊन आला आणि दत्तमहाराजांनी आपल्याला एक काम सोपवलंय असं सांगू लागला. आबांनी इसाराबद्दल विचारलं, तेव्हा बांधावर मजुरांसमोर त्यांना ढकललं. आयुष्यात वडिलांना उलट उत्तर न दिलेला हा मुलगा.

भाऊ फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, खालच्या आवाजात उरलेलं सांगितलं. रात्री-अपरात्री तो तिच्याशी ज्या तऱ्हेनं वागत होता, ते सांगताना तिची मान वर येत नव्हती. तिच्या चुलतबहिणीला त्यानं मध्यरात्री तीनदा फोन केले होते. "हे असले नव्हते ओ कधीच," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. लैंगिक इच्छा वाढणं, मर्यादेचं भान सुटणं हा मॅनियाच्या लक्षणांचाच भाग आहे. घरातली बाई हे सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही, म्हणून ते कागदावर येत नाही. पण संसार मोडायची वेळ येते ती पुष्कळदा इसारापेक्षा या गोष्टीमुळे.

मॅनिया ठरवायची कसोटी अशी : आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन असाधारण चढलेलं किंवा चिडकं आणि अंगात वाढलेली ऊर्जा; त्यासोबत झोपेची कमी झालेली गरज, अखंड बोलणं, विचारांची धावपळ, स्वतःबद्दल अवाजवी मोठेपणा, चित्त न ठरणं, कामांचा सपाटा, परिणामांची पर्वा न करता केलेला खर्च किंवा वागणूक. यातली निदान तीन लक्षणं, आणि मन केवळ चिडकंच असेल तर चार, असावी लागतात आणि त्यानं रोजचं आयुष्य विस्कटलेलं असावं लागतं. रुग्णालयात दाखल करण्याइतकी स्थिती असेल तर आठवड्याची अटही राहत नाही. दादाच्या बाबतीत जवळपास सगळीच लक्षणं होती, आणि दैवी कामगिरीचा भ्रम वेगळा.

मागचं वर्ष आणि त्याच्याही मागचं

नुसतं आत्ताचं चित्र बघून निदान पुरं होत नाही. म्हणून दोघांना बसवून दादाच्या विशीपासूनचा आलेख काढायला घेतला. आधी दोघंही म्हणाले, पहिल्यांदाच झालंय. बागेच्या सालाप्रमाणे मागं मागं गेल्यावर गोष्टी सापडू लागल्या.

आदल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला. दावण्यानं, म्हणजे बुरशीच्या रोगानं, बाग धरली, घड कुजले, हाती काही आलं नाही. पुढच्या एप्रिल-मेपासून दादा खचत गेला. जुलैमध्ये एका दवाखान्यात डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑगस्टअखेर तो उठला आणि सप्टेंबरमध्ये थांबेनासा झाला. ज्याला बायपोलर आजार आहे, त्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली आणि सोबत मन स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर काहींच्या बाबतीत मन उलट टोकाला जातं. मात्र दवाखान्यात त्या दिवशी समोर होता तो एक खचलेला शेतकरी. बायपोलर आजाराची सुरुवात पुष्कळांमध्ये उदासीनंच होते आणि नेमकं निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. गोळी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहिला होता : "याच्या अगदी उलट, झोपेशिवाय हुरूप आणि नेहमीपेक्षा वेगळं वागणं, असे दिवस कधी होते का?" तो रुग्णाला विचारून पुरत नाही. रुग्णाला ते दिवस आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणून आठवतात. सोबत आलेल्या माणसाला विचारावा लागतो.

आणि तसे दिवस होते. तेविसाव्या वर्षी, कॉलेज संपल्यावर, दादानं दोन महिन्यांत गावात व्यायामशाळा उभी केली होती. रात्री पत्रकं लिहायचा, दिवसा वर्गणी गोळा करायचा. मग एकाएकी सगळं सोडून चार महिने घरात बसला. तेव्हा लोक म्हणाले, नोकरीचं टेन्शन घेतलं. भावाला आणखी एक आठवलं : आजीचा भाऊ 'सालात दोनदा फिरायचा', कपडे वाटून टाकायचा, नंतर महिनोन्‌महिने गोठ्याशेजारी पडून असायचा. त्याला कधी डॉक्टर दाखवला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर आजार असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचाराबाहेर आढळले होते. जवळजवळ प्रत्येक भावकीत असा एखादा आजोबा, एखादी आत्या निघते.

भावानं मधेच विचारलं, "औषध मारून मारून डोक्यात गेलं आसंल का?" द्राक्षपट्ट्यात हा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. कीटकनाशकाची विषबाधा झाली तर घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, अशक्तपणा, स्नायू थरथरणं अशी लक्षणं येतात; माणूस निपचित होतो, आमदारकीची भाषणं करत नाही. तरीही पुढं रक्त तपासताना थायरॉइड पाहिलं गेलं, कारण ते वाढलं तरी माणूस असा चढलेला दिसू शकतो. दारू, गांजा, स्टेरॉइडच्या गोळ्या यांचीही चौकशी झाली. काही निघालं नाही.

चहातली गोळी

भाऊ निघताना म्हणाला, "तुमी गोळी द्या, आमी चहातनं घालतो. त्येला कळायचं न्हाई." जवळजवळ प्रत्येक घर हे विचारतं, आणि ते विचारण्यामागं कपट नसतं, हतबलता असते. तरी मी याच्या विरोधात आहे आणि स्पष्टच सांगते. किती गोळी पोटात गेली, कळत नाही. गुंगीत माणूस ट्रॅक्टर चालवतो. आणि ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून तो बायकोच्या हातचा चहा पीत नाही. हा आजार वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो, आणि तो सांभाळणारी माणसं हीच असतात. त्यांच्यावरचा विश्वास आधीच खर्चून टाकला तर पुढं काय उरणार?

दरम्यान चुलत्यांनी अमावास्येला देवरुषाकडे न्यायचं ठरवलं होतं. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलले नाही. नारळ ठेवा, अंगारा लावा, औदुंबरलाही जा. पण भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरच्यांची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे सांगितलं. आणि दोरखंडानं बांधून जीपमध्ये घालू नका, हेही. माणूस बरा होतो, पण आपल्याला गावासमोरून बांधून नेलं हे तो विसरत नाही.

दादा अखेर आला तो स्वतःच्या पायानं, झोपेच्या बोलीवर. "तुला आजार झालाय" हे त्याला पटणं शक्यच नव्हतं. उलट वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटतंय, असं तो म्हणत होता. वहिनीनं वाद घातला नाही. ती म्हणाली, "बागेला तुमची गरज हाय. आठ दिस नीट झोप घ्या, डॉक्टर झोपेचंच बघतील." झोप कमी होतेय एवढं त्याला स्वतःलाही मान्य होतं. ज्या एका गोष्टीवर रुग्ण आणि घर दोघांचं एकमत आहे, तिथूनच बोलणं सुरू करावं. 'भ्रम', 'वेड', 'खर्च' हे शब्द त्या दिवशी कामाचे नसतात.

मात्र तपासणीच्या खोलीत दाखल व्हायचं म्हटल्यावर तो उठून उभा राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात यासाठी आधारासह प्रवेशाची तरतूद आहे : एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्र तपासायचं, रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला, अंगाला धोका आहे किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं दोघांचंही मत हवं, नामनिर्देशित प्रतिनिधीनं, म्हणजे रुग्णाच्या बाजूनं उभं राहायला नेमलेल्या माणसानं, अर्ज करायचा, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. दादानं आधी कुणाला नेमलेलं नव्हतं, म्हणून सोबत राहणारी नातेवाईक या नात्यानं वहिनीनं सही केली. सही करताना तिचा हात थांबला. "बरं झाल्यावर म्हणतील, तूच मला डांबलंस." ते खरंही झालं, पुढं दोन महिने तो हेच म्हणत राहिला.

वॉर्डातले दिवस

डिप्रेशनची गोळी बंद केली. मॅनिया उतरवणारं ओलान्झापिन सुरू झालं, पहिले काही दिवस झोपेसाठी लोराझेपाम. किडनी, थायरॉइड, कॅल्शियम आणि ईसीजीचे अहवाल आल्यावर मन स्थिर ठेवणारं लिथियम.

लिथियमबद्दल घरात फार भीती असते, म्हणून थोडं सविस्तर. हे साधं क्षार-औषध आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये मॅनियावर त्याचा उपयोग मांडला आणि आजही ते पहिल्या फळीत आहे. पुन्हा झटका येणं ते कमी करतं आणि या आजारातला आत्महत्येचा धोकाही. त्याची एक कडक अट आहे : उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं, म्हणून रक्तातली पातळी बघत राहावी लागते. सांभाळताना ती साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) च्या आसपास ठेवतात, तीव्र मॅनियात थोडी वर. रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फसवा येतो. दादाची पहिली पातळी आठवड्यानं ०.७ आली. डोस प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून मिलिग्रॅम इथं मुद्दाम लिहीत नाही.

झोप दोन तासांवरून पाचवर, मग सातवर आली. बोलणं त्याहून उशिरा निवळलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यानं स्वतःहून विचारलं, "इसाराची पावती कुठं हाय?" डिस्चार्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला.

पैशाचा हिशेब

घरी गेल्यावर दादा हिशेबाची वही घेऊन बसला आणि मग आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ मध्ये अशा प्रसंगाचा सरळ उल्लेख आहे : एरवी शुद्धीवर असलेला, पण मधून मधून बुद्धी ठिकाणावर नसलेला माणूस, बुद्धी ठिकाणावर नसताना करार करू शकत नाही. दवाखान्याच्या कागदांत तारखा स्पष्ट होत्या. पण कायदा बाजूनं असणं आणि पैसे हातात येणं यांत अंतर फार. साठेखताची नोंदणी व्हायच्या आत सगळं उघडकीला आलं, एवढं नशीब. भावकीतला तो माणूस पंचांसमोर दोन लाख परत द्यायला तयार झाला; उरलेला एक लाख 'पुढच्या हंगामात'. गाडीचे आगाऊ पैसे कापून निम्मे मिळाले. अँगल उतरवून झाले होते, ते गोठ्यामागं पडून आहेत. मोबाईल त्या पोरानं दुसऱ्याच दिवशी आणून दिला होता, कुणी न मागता.

पुढच्यासाठी घरात जे ठरलं, ते दादा शुद्धीवर असताना आणि त्याच्या तोंडून ठरलं. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पंचवीस हजारांवरचा व्यवहार वहिनीच्या सहीशिवाय नाही. मोबाईलवरून पैसे पाठवायची रोजची मर्यादा बँकेत सांगून कमी केली. आणि पुन्हा चढलो तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं, कोणी न्यायचं, कोणती गोळी मला सोसत नाही, याचा कागद. २०१७ च्या कायद्यात याला आगाऊ निर्देश म्हणतात, त्याच कागदात प्रतिनिधीही नेमता येतो. दादानं धाकट्याचं नाव घातलं. वहिनीचं का नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "तिला परत सही करायला नको."

खाली आल्यावर

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ ऑक्टोबरपेक्षा अवघड गेला. गावाला वाटलं दादा बरा झाला. घरात मात्र तो पुन्हा बसून होता. मॅनियानंतर मन खाली जातं, आणि त्यात भर पडते आठवणींची. आबांना ढकललं ते त्याला आठवत होतं. चुलतमेव्हणीला केलेले फोन आठवत होते. वजन सात किलोनं वाढलं होतं, ते ओलान्झापिनमुळे.

याच काळात मी वहिनीला आणि आबांना एक काम लगेच करायला सांगितलं : कीटकनाशकांची खोली कुलूपबंद, किल्ली आबांच्या कमरेला, आणि उरलेले डबे मोजून वहीत. दादाला मी सरळ विचारलं की जीव नकोसा वाटतो का. असं विचारल्यानं डोक्यात विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, मे महिन्यात वाटत होतं, आता कमी, पण रात्री येतं. मग रात्री धाकटा त्याच्या खोलीत झोपू लागला आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर दोघांच्या फोनमध्ये पहिल्या जागी गेला. डॉक्टरांनी या वेळी नुसती डिप्रेशनची गोळी दिली नाही. लिथियम चालू ठेवून ओलान्झापिन हळूहळू उतरवलं आणि या आजारातल्या उदासीवरचं क्वेटियापिन आणलं. मार्चपर्यंत तो बागेत जाऊ लागला. अर्धा दिवस.

एक दिवस त्यानं विचारलं, "त्या पंधरा दिवसांत जसं वाटलं, तसं आता कधीच वाटायचं न्हाई का?" मी याला चटकन उत्तर देत नाही. आजारानं त्याला जे दाखवलं ते त्याला खरंच सुंदर वाटलं होतं, आणि ते गेल्याचं दुःखही खरं आहे. गोळ्या सोडणारे पुष्कळ जण याच ओढीनं सोडतात. ते बोलायला जागा मिळाली नाही तर माणूस गपचूप गोळी उशीखाली ठेवू लागतो.

एप्रिल, खरड छाटणी आणि कंबरदुखी

खरड छाटणीच्या, म्हणजे द्राक्षं निघाल्यावरच्या छाटणीच्या, उन्हात दादाची कंबर धरली. त्यानं मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या आणि पाच-सहा दिवस घेतल्या. दिवसभर घाम, पाणी कमी, त्यात एकादशीचा कडक उपास. सहाव्या दिवशी हात इतके थरथरू लागले की कपातला चहा सांडायचा. मग उलट्या, जुलाब, चालताना झोल. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. वहिनीनं फोन केला आणि त्याच दिवशी रक्त गेलं : लिथियम १.६.

किडनी लिथियमला मिठासारखंच वागवते. घामानं, जुलाबानं किंवा उपासानं अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही पातळी चढते. दादाला दाखल करून लिथियम थांबवलं, सलाइन लावलं. तीन दिवसांत तो सावरला आणि पातळी उतरल्यावर कमी डोसनं पुन्हा सुरू झालं. आता मेडिकलवाल्याकडेही सांगून ठेवलंय : दुखलं तर पॅरासिटामॉल. उन्हात जाताना पाण्याची कळशी सोबत, मीठ एकदम तोडायचं नाही, कडक उपास नाही. उलट्या-जुलाब लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन. द्राक्षपट्ट्यात लिथियम देणाऱ्या प्रत्येकानं हे हंगामाच्या भाषेत सांगायला हवं, असं माझं आग्रही मत आहे. "भरपूर पाणी प्या" एवढं कागदावर लिहून ते पोचत नाही.

पुढचा सप्टेंबर

वहिनीनं दादाला डिस्चार्ज मिळाला तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली होती. दुधाचे लिटर ती आधीपासूनच चौकोनात लिहायची; त्याच्याच खाली, हिरव्या शाईनं, दादाच्या झोपेचे तास. ७, ७, ६, ७. कुणी शिकवलेला तक्ता नव्हे, तिचं स्वतःचं शोधलेलं. नंतर दादा स्वतः सकाळी तो आकडा सांगू लागला.

पुढच्या छाटणीत, सप्टेंबरअखेर, पावसाचं सावट होतं आणि दावण्याची भीती. चौकोनात ७ नंतर ५ आला, मग ४, मग पुन्हा ४. दादा म्हणत होता, कामच तेवढं आहे. तिसऱ्या सकाळी वहिनीनं त्याच्यासमोरच कॅलेंडरचा फोटो काढून मला पाठवला. लपून नाही, हेही आधी ठरलेलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं, रात्रीचं औषध थोड्या दिवसांसाठी वाढवलं. रात्रीची फवारणी त्या दिवसापासून धाकट्याकडे. दादानं कुरकुर केली, एक दिवस बोलला नाही, पण ब्लोअरची किल्ली दिली. पाचव्या दिवशी चौकोनात ६ आला.

झोप उडणं हे मॅनियाचं लक्षण आहे तसं ते त्याला पेटवणारं कारणही आहे. त्यामुळे जागरण टाळणं हा या आजारात उपचाराचाच भाग ठरतो. शेतकऱ्याला ते सगळ्यात अवघड, कारण पाऊस आणि रोग घड्याळ बघून येत नाहीत, आणि शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीचीच असते. म्हणून घरातली कामं कोणी कोणत्या वेळी करायची, याची वाटणी औषधाच्या चिठ्ठीइतकी महत्त्वाची. दादाच्या घरात ती करता आली, कारण हाताशी भाऊ होता. एकट्या माणसाच्या बाबतीत मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

सध्याची स्थिती

दादा लिथियमवर आहे. पातळी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पाहिली, आता सहा महिन्यांनी. किडनी आणि थायरॉइड त्याच वेळी. दोन वर्षं झाली की गोळ्या बंद करता येतील का, असं तो विचारतो. डॉक्टरांचा कल चालू ठेवण्याकडे आहे. बंद करायचंच ठरलं तर काही आठवडे ते महिने घेऊन हळूहळू, कारण लिथियम एकदम सोडलं की मॅनिया जोरानं उलटू शकतो. हा निर्णय पुढच्या भेटीत दादा, वहिनी आणि डॉक्टर मिळून घेणार आहेत.

मुलगी सातवीत आहे. तिला हा आजार होईल का, हे वहिनीनं विचारलं. आई-वडिलांपैकी एकाला असला तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे होणार नाही याचीच शक्यता कितीतरी जास्त. तिच्याबाबत आत्ता करायचं ते एवढंच की वडिलांना काय झालं होतं ते तिला तिच्या वयाच्या शब्दांत सांगायचं. शाळेत पोरं तिला 'येड्याची पोरगी' म्हणाली होती, आणि घरात कुणी तिच्याशी या विषयावर बोललंच नव्हतं. पुढच्या वेळी तिलाही घेऊन यायला सांगितलं आहे.

भावकीतल्याकडचा एक लाख अजून यायचा आहे.